ऑस्कर २०२५ : कोण जिंकणार? तुमचे अंदाज इथे लिहा

तिसरी_रांग (फोंडा) | २४ फेब्रुवारी, रात्री

आज सकाळी सॅगचे, म्हणजे अमेरिकेतल्या नटांच्या गिल्डच्या (संघटनेच्या) बक्षिसांचे निकाल लागले. आता ऑस्करपर्यंत मधे मोठं काही उरलं नाही, म्हणून धागा काढतोय. सोहळा तिकडे रविवारी, म्हणजे आपल्याकडे सोमवारी ३ मार्चला पहाटे साडेपाचला.

आम्ही चार मित्र बरीच वर्षं एका दोनशे पानी वहीत अंदाज लिहितो. पानाच्या मधून उभी रेघ, डावीकडे 'जिंकणार', उजवीकडे 'जिंकायला हवा', आणि डावीकडचे ज्याचे सगळ्यात कमी बरोबर येतील त्याने बाकीच्यांना पातळ भाजी, उंडे आणि मिरची भजी द्यायची. ती रेघ मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याला आवडलेला सिनेमा डावीकडे लिहायचा मोह झाला की अंदाज तिथेच बिघडतो, मत देणारे दहा हजारांच्या आसपास लोक आहेत आणि त्यांना तुमच्याआमच्या आवडीशी काही देणंघेणं नाही.

तर माझं डावीकडचं. सिनेमा 'अनोरा', दिग्दर्शक शॉन बेकर. ८ फेब्रुवारीला एकाच रात्री निर्मात्यांच्या गिल्डने आणि दिग्दर्शकांच्या गिल्डने, दोघांनी 'अनोरा'ला दिलं, आठवड्याने लेखकांच्या गिल्डनेही दिलं. गोल्डन ग्लोबला याच सिनेमाच्या हाती काहीच लागलं नव्हतं हे लक्षात घ्या, म्हणजे महिन्याभरात वारं पूर्ण फिरलं. अभिनेता एड्रियन ब्रोडी, 'द ब्रुटलिस्ट'साठी. सहायकमध्ये किरन कल्किन आणि झोई साल्डान्या, तिथे चर्चेला जागाच नाही. मूळ पटकथा 'अनोरा', आधारित पटकथा 'कॉन्क्लेव्ह', एडिटिंगही 'कॉन्क्लेव्ह'. साउंड 'ड्यून'चा दुसरा भाग, तो मी थेटरात ऐकलाय, वाळूतले किडे यायच्या आधी खुर्चीचा हात थरथरतो ते अजून अंगात आहे. ॲनिमेशन 'द वाइल्ड रोबो'. आणि अभिनेत्री डेमी मूर, 'द सब्स्टन्स'साठी.

नोव्हेंबरात इफ्फीला, आपल्या गोव्यातल्या चित्रपट महोत्सवाला, गेलेल्यांना आठवत असेल, उद्घाटनाचा सिनेमा 'बेटर मॅन' होता, रॉबी विल्यम्सला चिंपांझी करून दाखवलेला. तो व्हिज्युअल इफेक्ट्सच्या पाच नामांकनांत आहे. जिंकणार नाही, तिथेही 'ड्यून', पण आपण पणजीत पाहिलेला सिनेमा तिकडच्या यादीत दिसला की बरं वाटतं.

लिहा आता.

---

जुवारी (मडगाव) | २५ फेब्रुवारी

मला एक समजत नाही, ब्रिटनच्या बाफ्टाने 'कॉन्क्लेव्ह'ला बेस्ट फिल्म दिली, काल सॅगनेही सगळ्या नटसंचाचं बक्षीस 'कॉन्क्लेव्ह'लाच दिलं, मग तू 'अनोरा' इतक्या ठामपणे कसा काय लिहितोस? आमच्याकडे सगळे 'कॉन्क्लेव्ह'बद्दलच बोलतायत, पोपच्या निवडणुकीवरचा सिनेमा ना तो. एक तर पोप फ्रान्सिस १४ तारखेपासून हॉस्पिटलात आहेत, इथे चर्चमधून रोज प्रार्थना चालल्यात, आणि २०२२ पासून गोव्यालाही स्वतःचे कार्डिनल आहेत, आर्चबिशप फिलिप नेरी फेर्रांव, म्हणजे आतली जी मतदानाची खोली सिनेमात दाखवलीय तिथे बसायचा हक्क असलेला माणूस आपल्यातला आहे. शेजारच्या ख्रिश्चन काकी तो सिनेमा बघून आल्या आणि दोन दिवस चिठ्ठ्या कशा दुमडतात, कशा ओवतात आणि जाळतात तेच सांगत होत्या.

---

तिसरी_रांग (फोंडा) | २५ फेब्रुवारी

जुवारी, मतदानाचा विषय काढलास ते बरं झालं, खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. पोपच्या निवडणुकीत दोन तृतीयांश मतं पडेपर्यंत पुन्हा पुन्हा मतदान घेतात. ऑस्करला एकदाच मत, पण बेस्ट पिक्चरसाठी दहाही सिनेमांना पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावायचा असतो. कोणालाच पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मतं नसतील तर सगळ्यात मागचा सिनेमा काढतात आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या सिनेमाकडे जातात, असं करत करत एक जण निम्मा ओलांडतो.

आपल्या भाषेत सांगतो. ऑफिसात नऊ जण, मासळी एकच आणायची. चौघांना बांगडा, तिघांना सुंगटं, दोघांना मुडदुशी. साध्या मतदानात बांगडा जिंकला. पण नऊचे निम्मे ओलांडायला पाच लागतात, बांगड्याकडे चारच. मग मुडदुशीवाले बाद, त्या दोघांची दुसरी पसंती सुंगटं, सुंगटं झाली पाच, संपलं. बांगडा सगळ्यात पुढे होता तरी हरला, कारण ज्यांना तो नको होता त्यांना तो अजिबातच नको होता.

म्हणून बेस्ट पिक्चरला विचारायचा प्रश्न वेगळा. कोणाला सगळ्यात जास्त आवडला हे नाही, कोणाला दुसरा-तिसरा लिहायला जड जात नाही ते बघायचं. 'एमिलिया पेरेझ'ला १३ नामांकनं आहेत, इंग्रजी नसलेल्या सिनेमाला इतकी कधी मिळाली नव्हती, पण तिच्या नायिकेची जुनी वादग्रस्त ट्वीट्स बाहेर आल्यापासून ती कित्येक मतपत्रिकांत तळाला गेली असणार. 'ब्रुटलिस्ट' साडेतीन तासांहून मोठा, मधे पंधरा मिनिटांचं मध्यंतर, ज्यांना आवडला त्यांना जीव की प्राण आणि बाकीच्यांचा पुरता बघूनही झाला नसेल. आणि निर्मात्यांचं गिल्ड अशाच क्रमाच्या पद्धतीने मोजतं, म्हणून 'अनोरा'.

हेही सांगतो की ते गिल्ड चुकतं. 'ला ला लँड'ला दिलं, ऑस्कर 'मूनलाइट'ला गेलं. '१९१७'ला दिलं, ऑस्कर 'पॅरासाइट'ला. त्यामुळे 'कॉन्क्लेव्ह'ला मी खोडत नाही. दिग्दर्शनाचं नामांकन नसताना जिंकता येतं हे 'ग्रीन बुक' आणि 'कोडा'ने दाखवलंच आहे.

---

रात्रपाळी (वेर्णा) | २६ फेब्रुवारी, पहाटे

पाळी संपवून आत्ताच घरी आले, झोप येत नाहीये म्हणून लिहिते. बाकी सगळं पटलं पण डेमी मूर नाही पटली. 'अनोरा'ची मायकी मॅडिसन लिही.

तारखा बघ. ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचं मतदान ११ फेब्रुवारीला सुरू झालं आणि १८ ला संपलं. बाफ्टा १६ ला होतं, म्हणजे मतदान चालू असताना, आणि ते मॅडिसनला मिळालं. सॅग २३ ला, म्हणजे अकॅडमीच्या मतपत्रिका बंद झाल्यावर पाच दिवसांनी, ते डेमी मूरला मिळालं तरी ते भाषण ऐकून कोणी मत बदलणार कसं? मत तर देऊन झालं होतं.

दुसरं असं, की तूच सांगितलंस ती क्रमाची भानगड फक्त बेस्ट पिक्चरला आहे. अभिनेत्रीला साधं मतदान, जिला सगळ्यात जास्त तिला बक्षीस, निम्मे वगैरे काही नाही. पाच जणींत मतं फुटली की तीस टक्क्यांतही काम होऊ शकतं. डेमी मूरकडे जाणारी मतं कोणती? इतकी वर्षं काम केलं, आता तरी द्या, ही. तीच मतं 'आय ॲम स्टिल हिअर'च्या फर्नांडा टोरेसकडेही जाणार, तिला गोल्डन ग्लोब मिळालंय, आणि अकॅडमीत आता अमेरिकेबाहेरचे खूप लोक आहेत. मॅडिसनची मतं मात्र 'अनोरा'ची मतं आहेत, ती फुटत नाहीत.

मी 'अनोरा' मोबाईलवर दोन रात्रींत बघितला, जेवणाच्या सुट्टीत अर्धा आणि बसमध्ये अर्धा. शेवटचा गाडीतला प्रसंग, बाहेर बर्फ आणि वायपरचा आवाज, आणि त्या मुलीचा चेहरा जो अख्खा सिनेमाभर लढत असतो तो एकदम ढासळतो. मी बस वेर्णा स्टॉपवर आली तरी उतरले नाही, पुढे जाऊन परत चालत आले. ती जिंकणार.

---

तिसरी_रांग (फोंडा) | २६ फेब्रुवारी

तारखांचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून निसटला होता. पण ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि सॅग अशी तीन हातात घेऊन आलेली बाई रिकाम्या हाताने परत जाणार हे मला लिहवत नाही. भीतिपटांना अभिनयाचं देत नाहीत म्हणशील, तर 'मिझरी'साठी कॅथी बेट्सना दिलं, 'ब्लॅक स्वान'साठी नॅटली पोर्टमनला दिलं. 'द सब्स्टन्स'मधला तो आरशासमोरचा प्रसंग आठव, डेटवर जायला तयार झालेली बाई परत परत आत येते, लिपस्टिक लावते, पुसते, परत लावते आणि शेवटी तोंड ओरबाडते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने कॅमेऱ्यासमोर ते करणं सोपं नाही. मी डेमी मूर ठेवतो.

---

डिचोली_एक्सप्रेस (डिचोली) | २७ फेब्रुवारी

सगळं वाचलं. अभ्यास चांगला आहे तुमचा, पण मला मनापासून विचारायचंय की अमेरिकेतल्या बक्षिसांवर आपण इतकं डोकं का लावायचं? आपल्या मराठी सिनेमाला गोव्यात धड शो मिळत नाहीत, सकाळी साडेनऊचा एक खेळ मिळतो आणि दुसऱ्या आठवड्यात तोही जातो. २००४ मध्ये 'श्वास' भारताकडून ऑस्करला गेला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते, कारण तिकडे प्रचाराला पैसा लागतो. मग 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला, 'कोर्ट' गेला. एकालाही नामांकन नाही. मला अजून वाईट वाटतं.

---

पाऊसवेडी (म्हापसा) | २७ फेब्रुवारी

डिचोली, तुझं दुखणं तेच माझं. पण ते दुखणं मांडायलाच अशा धाग्यावर यावं लागतं ना.

यंदाचं बघ. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, आणि भारताने पाठवला 'लापता लेडीज'. तो डिसेंबरात परदेशी सिनेमाच्या पंधरांच्या यादीतही आला नाही. आणि त्याच पंधरांत एक हिंदी सिनेमा होता, 'संतोष', तो पाठवला ब्रिटनने! मला 'लापता लेडीज' आवडला होता, त्याच्याशी भांडण नाही, पण बाहेरचा मतदार काय बघतो हे आपली निवड समिती विचारातच घेत नाही असं वाटतं. गंमत म्हणजे 'लापता लेडीज' आणि पायलचा सिनेमा, दोन्हींत छाया कदम आहे. पायलच्या सिनेमातली तिची ती मुंबई सोडून कोकणात गावाकडे परत जाणारी पार्वती बघताना मला माझी सावंतवाडीची मावशी दिसली, चाळीतल्या खोलीचा कागद नाही म्हणून इतक्या वर्षांचं घर जातं, आणि ती रडत बसत नाही, भांडी बांधते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा तो सगळा उत्तरार्ध आपल्या मातीतला आहे. नामांकनांत एका जागीही त्याचं नाव नाही.

अंदाज म्हणशील तर माझा एकच, कॉस्च्युम 'विकेड'. पॉल टेझवेल जिंकले तर या विभागात जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष ठरतील. या विभागाकडे मी नेहमी जास्त लक्ष देते, कारण भारताचं पहिलं ऑस्कर यातलंच, १९८३ साली, 'गांधी'साठी, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया. त्यांनी ते २०१२ मध्ये अकॅडमीकडे परत सोपवलं, नीट जपलं जावं म्हणून.

---

तिसरी_रांग (फोंडा) | २७ फेब्रुवारी

डिचोली, का लावायचं ते सांगतो. इफ्फी २००४ पासून कायमचा इथे आला. तेव्हापासून आम्ही पणजीत जुन्या जीएमसीच्या (मेडिकल कॉलेजच्या) आवारात पास गळ्यात घालून रांगेत उभे राहतोय, आणि त्या रांगेत मला लात्व्हिया, हंगेरी, इराण ही नावं सिनेमांमुळे कळली. मला हे अंदाज बांधायला आवडतात, कारण त्या निमित्ताने एरवी बघितले नसते असे दहा सिनेमे बघून होतात. आणि 'श्वास'च्या वेळी काय कमी पडलं ते समजायचं असेल तर हा कारखाना चालतो कसा हे माहीत हवंच.

---

जुवारी (मडगाव) | २८ फेब्रुवारी

परदेशी सिनेमाचा अंदाज कोणीच लिहिला नाही. मी लिहिते, ब्राझीलचा 'आय ॲम स्टिल हिअर'.

शेजारच्या काकी, मागे लिहिलं त्याच. त्या पोर्तुगीज शाळेत शिकल्या, अजून प्रार्थना पोर्तुगीजमध्ये म्हणतात. त्यांना मी ट्रेलर दाखवला. ब्राझीलचा उच्चार वेगळा आहे म्हणाल्या, पण पूर्ण समजला. १९७१ मध्ये लष्करी राजवटीने रुबेन्स पायवा नावाच्या माणसाला घरातून चौकशीला नेलं आणि तो परत आलाच नाही, त्याच्या बायकोची, युनिसची गोष्ट आहे. आणि फर्नांडा टोरेसची आई, फर्नांडा मोंतेनेग्रो, हिलाही याच वाल्तेर सालेसच्या 'सेंट्रल स्टेशन'साठी अभिनेत्रीचं नामांकन होतं, १९९९ साली, तेव्हा ग्विनेथ पॅल्ट्रोला गेलं. या सिनेमात म्हातारपणीची युनिस आईनेच केलीय.

'एमिलिया पेरेझ'ला मत द्यायची लाज वाटणारे सगळे याच्याकडे येणार. शिवाय हा बेस्ट पिक्चरच्या दहांतही आहे, म्हणजे बऱ्याच जणांनी बघितलाय. ब्राझीलला आजवर हे बक्षीस एकदाही मिळालेलं नाही, आणि सोहळ्याची रात्र म्हणजे तिकडे ऐन कार्निव्हल. आपल्याकडेही तेच, रविवारी मडगावात चित्ररथ.

---

तिसरी_रांग (फोंडा) | २ मार्च, रात्री ११

जुवारीचं पटलं, 'आय ॲम स्टिल हिअर' डावीकडे लिहिला. कॉस्च्युम 'विकेड', पाऊसवेडीचा मान. म्हणजे माझे एकूण चौदा विभाग झाले.

अभिनेत्याबद्दल एक लिहायचं राहिलं. ब्रोडी २००३ मध्ये 'द पियानिस्ट'साठी जिंकला तेव्हा २९ वर्षांचा होता, सगळ्यात लहान वयाचा बेस्ट ॲक्टर, हा विक्रम अजून त्याच्याच नावावर. आता समोर टिमथी शॅलमे, तोही २९, पण काही महिन्यांनी लहान. म्हणजे ब्रोडीला हरवलं तर त्याचाच विक्रम मोडेल. सॅग शॅलमेला मिळालंय खरं, पण रात्रपाळीचा तारखांचा नियम इथेही लावला, ब्रोडीच राहिला.

अभिनेत्री, शेवटचं, डेमी मूर. पाच वाजताचा अलार्म लावलाय.

---

डिचोली_एक्सप्रेस (डिचोली) | ३ मार्च, पहाटे ५.५०

उठलोय. लेक पण उठली, नऊ वर्षांची आहे. तिला 'फ्लो'चा ट्रेलर दाखवला होता, त्यात एक काळं मांजर पुरात होडीवर चढतं, एक शब्द बोलत नाही कोणी. तेव्हापासून तिचं म्हणणं की मांजर जिंकणार.

---

डिचोली_एक्सप्रेस (डिचोली) | ३ मार्च, सकाळी

मांजर जिंकलं!!! घरात आरडाओरडा झाला, आई देवघरातून बाहेर आली काय झालं बघायला. लात्व्हियाचं पहिलं ऑस्कर, आणि ते बनवलंय ब्लेंडर नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. लेक विचारते आपल्या कॉम्प्युटरवर येईल का ते. येईल म्हटलं.

---

पाऊसवेडी (म्हापसा) | ३ मार्च, सकाळी

टेझवेल जिंकले. डोळ्यात पाणी आलं.

---

रात्रपाळी (वेर्णा) | ३ मार्च, सकाळी

एडिटिंग 'अनोरा'ला. तिसरी रांग, आता बेस्ट पिक्चर पक्कं समज. एडिटिंगही बेकरनेच केलंय.

---

तिसरी_रांग (फोंडा) | ३ मार्च, सकाळी १०

मधेच लाईट गेली, शेवटचा तास मोबाईलवर बघितला, मग बॅटरी पंधरा टक्क्यांवर.

ब्रोडी आला. बेकर आला. मग मायकी मॅडिसनचं नाव घेतलं आणि मी रात्रपाळीला मनात नमस्कार केला. पंचवीस वर्षांची मुलगी. तिच्या नावाआधी डेमी मूर किती शांत बसली होती. वहीत उजवीकडे तिचं नाव आहे, ते तसंच राहणार, मला ते खोडायचं नाही.

शेवटी 'अनोरा'. साठ लाख डॉलरमध्ये केलेला सिनेमा, पाच ऑस्कर, त्यातली चार एकट्या बेकरच्या हातात, निर्माता, दिग्दर्शक, लेखक, एडिटर. एका सिनेमासाठी एका रात्रीत एकाच माणसाला चार आजवर मिळाली नव्हती. आणि दिग्दर्शनाचं घेताना बोलला काय, तर थेटरं वाचवा, सिनेमे मोठ्या पडद्यासाठी बनवा. माझे बाबा फोंड्याहून बस पकडून पणजीला सिने नॅशनलला जायचे, परत यायची शेवटची बस चुकायची म्हणून शेवटची दहा मिनिटं सोडून निघायचे, आणि सिनेमाचा शेवट दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी ऐकायचे. ते आज असते तर त्यांना हे भाषण मी मराठीत सांगितलं असतं.

चौदांत अकरा बरोबर. चुकले ते अभिनेत्री, एडिटिंग आणि मांजर. रात्रपाळीचे माझ्यापेक्षा एक जास्त. फोंड्याला येशील तेव्हा कळव, पातळ भाजी माझ्याकडून.

---

जुवारी (मडगाव) | ३ मार्च, दुपारी

उशिरा लिहितेय, काल चित्ररथ बघून घरी यायला बारा वाजले. काकींना पहाटे उठवायचं कबूल केलं होतं, त्या माझ्याआधी उठून अंघोळ करून, केस विंचरून माझ्या दारात उभ्या. परदेशी सिनेमाचं बक्षीस ब्राझीलला म्हटल्यावर मला वाटलं त्या टाळ्या वाजवतील. त्यांनी माझा हात धरला. सालेसने मंचावर युनिस पायवाचं नाव घेतलं, मग दोन्ही फर्नांडांची. काकी मला म्हणाल्या, "त्या बाईचं नाव परत घे गो, मला नीट ऐकू आलं नाही."

मी घेतलं. मग त्यांनी चहा ठेवला.